परदेशस्थ स्कॉटिश मंडळे : पेटी आणि पोशाख

दरवर्षी २५ जानेवारीच्या रात्री अमेरिकेतील बॉस्टनपासून न्यूझीलंडमधील डनीडिनपर्यंत अनेक शहरांत एकाच धर्तीचा समारंभ पार पडतो. चौकडीच्या लोकरी कापडाचा घागरेवजा किल्ट परिधान केलेले प्रतिष्ठित गृहस्थ मेजांभोवती उभे राहतात, बॅगपाइपच्या सुरांत ‘हॅगिस’ नावाचा पदार्थ वाजतगाजत आणला जातो आणि कवी रॉबर्ट बर्न्स याच्या नावाने पेले उंचावले जातात. मेंढीचे काळीज, यकृत व फुप्फुस ओटच्या भरडीत कालवून केलेला हा पदार्थ. अमेरिकेने १९७१ पासून खाद्यपदार्थांत फुप्फुस वापरण्यास मनाई केल्याने तेथील हॅगिस फुप्फुसावाचूनच शिजते. त्यामुळे मिरवणुकीच्या थाटात मात्र काही उणे पडत नाही.

या मंडळांची थट्टा करणे सोपे आहे आणि विद्वानांनी ती केलेलीही आहे. आज सकल स्कॉटलंडचे प्रतीक मानला जाणारा हा पोशाख मुळात उत्तरेकडील डोंगराळ मुलखातील लोकांचा. दक्षिणेकडील सखल प्रदेशातले शहरवासी त्या लोकांना रानटी समजत असत. १७४६ साली कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा मोड झाल्यावर पार्लमेंटने हा पोशाख कायद्याने निषिद्ध ठरविला. ती बंदी १७८२ पर्यंत टिकली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने स्वागतसमारंभाची आखणी करून त्याच पोशाखाला राजप्रतिष्ठा मिळवून दिली. आणि याच काळात सदरलंड परगण्यातील कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी पिढीजात घरांतून हुसकावून लावले जात होते! वस्त्र दरबारात पोहोचले आणि ते विणणारे व नेसणारे देशोधडीस लागले. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर याने १९८३ साली या परंपरेच्या ‘निर्मिती’ची केलेली चिकित्सा प्रसिद्धच आहे.

तथापि या मंडळांचे मर्म पोशाखात शोधणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागणार नाही. ते शोधावयाचे तर बॉस्टनमधील एका जुन्या पेटीकडे वळले पाहिजे.

३ सप्टेंबर १६५० रोजी डनबारच्या रणांगणावर क्रॉमवेलने स्कॉटिश सैन्याचा पराभव केला. हजारो सैनिक बंदिवान झाले. त्यांपैकी सुमारे दीडशे जणांना ‘युनिटी’ नावाच्या जहाजातून बॉस्टनला धाडण्यात आले आणि तेथे त्यांची श्रमशक्ती विकण्यात आली. सहा ते आठ वर्षे धन्याकडे राबावे आणि मग मोकळे व्हावे, असा तो करार होता. अर्थात करार म्हणजे एका पक्षाची संमती कोणी विचारलीच नव्हती. कित्येक जण सॉगस येथील लोखंडाच्या कारखान्यात, तर काही उत्तरेकडील लाकूड-गिरण्यांत जुंपले गेले.

मुदत संपल्यावर माणूस स्वतंत्र झाला. परंतु त्याला खाऊ घालण्याची धन्याची गरजही त्याच दिवशी संपली. न्यू इंग्लंडमध्ये गरिबांच्या पोषणाचा भार ज्या त्या गावावर असे आणि गावे तो आपल्या कायम रहिवाशांपुरताच उचलीत. उपरा मनुष्य पुढेमागे आपल्या गळ्यात पडू नये म्हणून त्याला वेशीबाहेर जाण्याची ताकीद देण्याचीही तेथे रीत होती. आजारी पडलेल्या, हात मोडलेल्या किंवा काम सुटलेल्या परक्यास वाली कोण?

६ जानेवारी १६५७ रोजी बॉस्टनमधील मूठभर स्कॉट मंडळींनी एकत्र येऊन या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर दिले. त्यांनी एक पेटी ठेवली. प्रवेशाच्या वेळी किमान १२ पेन्स आणि दर तिमाहीस ६ पेन्स तीत टाकावयाचे, आणि जमलेल्या पैशातून आपल्यातील व आपल्या देशातील गरजूंना साहाय्य करावयाचे. ‘स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी’ ती हीच. संस्थापकांच्या ठरावात किल्ट नव्हता, बॅगपाइप नव्हता. बर्न्सचा तर जन्मही १७५९ मधला. अशी पेटी ठेवण्याची चाल त्यांनी मायदेशातील कारागीर-संघांकडून उचलली होती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला परस्पर विमा म्हणता येईल. असा विमा ओळखीच्या माणसांतच चालतो, कारण खरोखर आजारी कोण आणि सोंग घेतलेला कोण, याची पारख तेथे विनाखर्च होते. परक्या मुलखात ही ओळख भाषेच्या हेलावरून व गावाच्या नावावरून पटे. संस्कृती ही त्या पेटीची जणू किल्लीच होती.

मुंबईकरास हे नवे वाटू नये. धोबीतलावच्या परिसरात गोव्यातील एकेका गावाने चालविलेल्या ‘कुडीं’त बोटीवर नोकरी शोधणाऱ्या तरुणाला स्वस्तात पथारी पसरण्यापुरती जागा मिळे, आणि गावच्या संताचे फेस्तही तेथेच साजरे होई. गिरणगावात कोकणातल्या गावकऱ्यांच्या खोल्या याच न्यायाने चालत. पथारी आणि फेस्त यांचे हिशेब वेगळे नव्हते.

स्कॉटिश मंडळांत ते हळूहळू वेगळे झाले. ब्रिटनमध्ये १९११ साली राष्ट्रीय विम्याचा आणि अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. पेटीचे पुष्कळसे काम सरकारने उचलले. शिवाय स्थलांतरितांची नातवंडे सधन झाली. काम सरले तरी जमण्याची सवय उरली, आणि त्या रिकाम्या जागेत समारंभ ऐसपैस विसावला. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. मात्र ज्या कवीच्या नावाने पेले उंचावतात, तो स्वतः १७८६ मध्ये गरिबीला कंटाळून जमेकातील मळ्यावर, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यावर, हिशेबनीस म्हणून निघाला होता. जहाजाचे भाडे सुटावे हाही कवितासंग्रह छापण्यामागील एक हेतू होता. पुस्तकाला अनपेक्षित यश आले म्हणून तो स्वदेशी राहिला. जेवणावळीतील भाषणांत भाड्याच्या या गोष्टीला काव्यगुणांइतकी जागा मिळाली, तर समारंभ अधिक खरा होईल.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. गणेशोत्सव, नाटके आणि दर दोन वर्षांनी भरणारी अमेरिकेतील अधिवेशने यांचा बोलबाला इकडेही पोहोचतो. पण हातची नोकरी गेल्याने व्हिसा धोक्यात आलेला तंत्रज्ञ किंवा परक्या इस्पितळात एकटाच पडलेला विद्यार्थी यांच्यासाठी कोणत्या मंडळाने किती रक्कम बाजूस ठेवली आहे, हेही अधिवेशनाच्या व्यासपीठावरून वाचून दाखविले जावे, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.

बॉस्टनची पेटी अद्याप बंद झालेली नाही. मध्यंतरी काही काळ खंडित झालेली ती संस्था १६८४ साली पुन्हा उभी राहिली, आणि आज तिचा पैसा मुख्यतः स्कॉटिश वंशाच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांवर खर्च होतो. लंडनमधील अशाच एका पेटीला १६६५ मध्ये राजाची सनद मिळाली होती. ‘स्कॉट्सकेअर’ या नव्या नावाने ती संस्था त्या शहरातील अडचणीत आलेल्या स्कॉटिश माणसांना व त्यांच्या मुलांना आजही मदत करते.