एकच काच की चारही?

मे महिन्यात परभणीत पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच गाडीची काच अर्ध्यावर रुसून बसते. गॅरेजात पहिलं निदान बहुधा ठरलेलं असतं: ‘मोटर गेली.’ डोअर पॅड उघडण्याआधी एवढंच विचारावं, सोबत आणखी काय बंद पडलं?

चार मोटरी एकाच दिवशी जळत नसतात. चारही काचा ठप्प असतील तर फ्यूज, रिले, मुख्य स्विच किंवा अर्थिंग पाहायचं. मागच्याच काचा अडल्या असतील तर आधी चालकाजवळचं विंडो लॉकचं बटण. (हसू नका, या बटणापायी पॅड उघडले जातात.)

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी रिले उलटा करून बघावा. ३०, ८५, ८६, ८७ हे त्यावरचे आकडे जर्मन मानकातलेच आहेत. ३० वर बॅटरीचा करंट, ८५-८६ मध्ये कॉइल, ८७ वरून करंट पुढे. टिक वाजते, ३० वर करंट आहे, पण ८७ कोरडा, म्हणजे आतले पॉइंट जळाले.

एकच काच अडली तर रात्री स्विच दाबून आतल्या दिव्याकडे पाहावं. तो मंदावला तर मोटर करंट ओढतेय, पण काहीतरी अडलंय. काळ्या मातीची धूळ काचेच्या रबरात बसते. ती साफ करून सिलिकॉन स्प्रे मारावा. ग्रीस नको, धूळ आणखी चिकटते.

दिवा ढिम्म राहिला तर दार आणि बॉडीमधली रबरी नळी तपासा. दर उघडझापीला आतल्या वायरी वाकतात. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. एकाच दाराची काच, लॉक आणि आरसा मिळून गेले तर संशय इथेच. इथे मीटर फसवतो: एखादी तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून बल्बचा टेस्ट लॅम्प मोटरच्या प्लगमध्ये दोन वायरींत धरून स्विच वर-खाली दाबावा. दोन्हीकडे लख्ख पेटला तर मोटर खरोखर गेली. एकाच बाजूला पेटला तर स्विच किंवा वायर. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र हा लॅम्प कधीच लावू नये.

आरशात दोन मोटरी असतात. तो वर-खाली हलतो पण आडवा नाही, तर फ्यूज ठीक आहे. मुळीच हलत नसेल तर डावा-उजवा आरसा निवडायची कळ मधोमध तर नाही ना, पाहा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर २० च्या जागी ३० अँपिअरचा घालू नये. त्यानं फ्यूज टिकतो, वायर जळते. आधी त्या रबरी नळीत सोललेली वायर शोधावी.