प्रोप्रायटरशिप: अर्थासाठी दोन तुकडे, बोलण्यासाठी पाच

कसब्यातल्या आपल्या वर्गात हा शब्द हमखास अडतो. जीएसटीच्या फॉर्मवर ‘कॉन्स्टिट्यूशन ऑफ बिझनेस’ विचारतात, म्हणजे धंद्याचा प्रकार काय. यादीत प्रोप्रायटरशिप असते आणि पार्टनरशिपही असते. दुसरा शब्द ओळखीचा वाटतो, भाऊ गल्ल्यावर बसतोच, म्हणून बोट तिकडे वळतं. थांबा. आधी शब्द फोडा.

शेवटचं ‘शिप’ बाजूला काढा. ते जहाज नाही, आपल्या मालकी-भागीदारीतल्या ‘ई’सारखं शेपूट आहे. उरला प्रोप्रायटर, म्हणजे मालक. हा शब्द आणि ‘प्रॉपर्टी’ एकाच लॅटिन मुळातले, अर्थ ‘स्वतःचं’. म्हणजे एकट्याची मालकी. इथे कायद्याने दुकान आणि तुम्ही वेगळे नसता. पॅन तुमचाच चालतो, तसं दुकानाचं कर्जही तुमचंच. शटर ओढलं म्हणून देणं संपत नाही. पार्टनरशिपमध्ये नफावाटपाचा करार येतो, फर्मचा पॅन वेगळा येतो. भाऊ नुसता मदतीला असेल, तर तो पार्टनर नव्हे.

आता बँकेच्या काउंटरवर हाच शब्द बोलायचाय. अर्थाचे तुकडे इथे कामाचे नाहीत, जीभ वेगळीकडे तोडते: प्रो-प्राय-अ-टर-शिप. पाच तुकडे, जोर ‘प्राय’वर. तांबट आळीत मठारकाम बघितलंय ना? प्रत्येक ठोका सारखा. आपण मराठी साधारण तसंच बोलतो. इंग्रजीत मात्र एक ठोका जोरात, बाकीचे हलके. ‘प्रो’सुद्धा हलकाच, जवळजवळ ‘प्र’. सगळे ठोके सारखे मारले की समोरचा “काय?” विचारतो. उच्चार साहेबी हवा असं माझं मुळीच म्हणणं नाही, जोर जागेवर पडला की भागतं.

‘शिप’ लागल्याने जोर हलत नाही. पार्टनरमध्ये ‘पार्ट’वर, पार्टनरशिपमध्येही तिथेच. ‘शन’ मात्र जोर ओढून घेतं, अगदी आपल्या आधीच्या तुकड्यावर. रजिस्टरमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, पण रे-जि-स्ट्रे-शनमध्ये ‘स्ट्रे’वर. को-टे-शनमध्ये ‘टे’वर. वरचं कॉन्स्टिट्यूशन घ्या, जोर ‘ट्यू’वर. फॉर्मवरचे निम्मे अवघड शब्द या एका शेपटाने सुटतात.

पुढच्या व्हिडिओत ‘डेप्रिसिएशन’ घेतोय, दुकानातल्या फ्रीजची किंमत दरवर्षी वहीत कशी कमी करायची ते. तोवर त्याचे तुकडे टेबलावर बोटांनी वाजवून बघा, किती होतात आणि जोराचा ठोका कुठे पडतो ते.