मधुमेह, पण कोणता?

अंथरूण ओलं करणं कधीच थांबलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल पुन्हा रात्री गादी भिजवू लागतं. सारखं पाणी मागतं, भरपूर जेवतं, तरी चड्डी कमरेत सैल होत जाते. घरचे आधी रागावतात, मग कुणी जंतांचं औषध सुचवतं, कुणी परीक्षेचा ताण म्हणतं. लघवीच्या जागी मुंग्या जमल्या तरी त्याचा अर्थ लागत नाही. मधुमेह म्हणजे पोट सुटलेल्या मोठ्या माणसांचा आजार, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं आहे की मुलाची शुगर तपासायचं कुणाला सुचतच नाही.

हा टाइप १ मधुमेह. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि त्यात आईबापांचा काहीही दोष नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. इन्शुलिन नसलं की साखर रक्तात साचते आणि पेशी उपाशी राहतात. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि उतरताना पाणी ओढून नेते. तहान आणि वारंवार लघवी त्यामुळेच. उपाशी शरीर मग चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आणि गुंगी ही त्याची लक्षणं. गॅस्ट्रो किंवा अपेंडिक्स समजून यात मोलाचे तास वाया जातात. ग्लुकोजचं सलाईन लागलं तर प्रकृती आणखी बिघडते. खरं तर बोटातला रक्ताचा एक थेंब ग्लुकोमीटरवर घेतला की काही सेकंदांत उलगडा होतो. अशी लक्षणं आहेत आणि आकडा २०० च्या वर आहे, तर मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. आजही या मुलांचं इन्शुलिन बंद करून काढे-चूर्ण देणारे भेटतात, याचा मला मनापासून संताप येतो. इन्शुलिन थांबलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

टाइप २ अगदी वेगळा, कारण तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. इन्शुलिन असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडू लागतं. सुरुवातीच्या खुणा सहज नजरेआड होतात: मानेवर किंवा काखेत मखमली काळपट पट्टा, जांघेत परत परत येणारं बुरशीचं इन्फेक्शन, न भरणारी जखम, तळपायाला मुंग्या, अचानक बदलणारा चष्म्याचा नंबर. बऱ्याच जणांना तर काहीच जाणवत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

‘मी तर बारीक आहे’ हा दिलासा आपल्याकडे फसवा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हे दिसत नाही. कंबरेच्या घेरावर लक्ष ठेवलेलं बरं आणि तिशीपासून वर्षातून एकदा तपासणी करावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा अधिक, तर मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. सिकलसेल असलेल्यांमध्ये एचबीए१सी दगा देऊ शकतं. विदर्भात हे लक्षात ठेवायलाच हवं.

या दोन्ही खान्यांत न बसणारेही आहेत. गोळ्या चालू असूनही काही महिन्यांत शुगर हाताबाहेर जाणारा सडपातळ चाळिशीचा माणूस कदाचित टाइप १चाच असतो. अशा वेळी जीएडी अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आजी, आई आणि लेक अशा तिन्ही पिढ्यांत तरुणपणीच मधुमेह निघाला, तर एखाद्या जनुकातल्या दोषाची शंका घ्यावी लागते. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली.

गरोदरपणातला मधुमेह बहुधा लक्षणांशिवायच येतो. म्हणून पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात आणि १४० किंवा अधिक आकडा आला तर उपचार सुरू होतात. पहिल्या वेळी आकडा ठीक आला, तरी सहाव्या-सातव्या महिन्यात ही तपासणी पुन्हा करायची असते. बाळंतपणानंतर शुगर सहसा उतरते आणि बाळाच्या धावपळीत बाईची तपासणी राहून जाते. पुढे टाइप २ होण्याचा धोका तिला इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. सहा आठवड्यांनी बाळाला लसीला नेताना तिचंही रक्त त्याच दिवशी तपासून घेता येतं.