‘तुम्ही आधी, तुम्ही आधी!’ – गोल्फ एवढा रेंगाळतो कशामुळे?

अमेरिकेत स्थिरस्थावर झालेल्या मराठी माणसाला पन्नाशीच्या सुमारास दोन गोष्टी हटकून जडतात असं गमतीनं म्हणतात: एक कोलेस्टेरॉलची गोळी आणि दुसरा गोल्फ. गोळीबद्दल घरात कुणाची तक्रार नसते. गोल्फबद्दल असते, आणि ती खेळाबद्दल नसून वेळेबद्दल असते. ‘सकाळी सातला गेलेला माणूस दोनला उगवतो, आणि आल्याआल्या सोफ्यावर आडवा होतो. चालत जाऊन बॉलच मारायचा ना? मग एवढा वेळ कशाला हो लागतो?’

प्रश्न रास्त आहे. चार जणांच्या गटानं १८ होल चार-साडेचार तासांत संपवावेत अशी साधारण अपेक्षा असते. पण उन्हाळ्यातल्या शनिवारी गर्दीच्या पब्लिक कोर्सवर पाच-साडेपाच तास सहज जातात. त्यात जाण्यायेण्याचा वेळ मिळवला की मुलांचा सॉकर, इंडियन ग्रोसरी, मंडळाच्या नाटकाची तालीम हे सगळं एकट्या बायकोच्या गळ्यात पडतं.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. खेळ तुंबला की सगळ्यांच्या नजरा नवशिक्यांकडे वळतात, बायकांकडे वळतात, आणि चार देशी चेहरे एकत्र दिसले तर आपल्याकडेही वळतात. मागचे लोक कमरेवर हात ठेवून उभे राहिले, की आपल्यातला नवा गडी घाबरून आणखी दोन बॉल पाण्यात घालतो. असे दोन-तीन शनिवार गेले की क्लबांची बॅग गराजमध्ये जाते ती कायमची. विशेषतः आपल्या बायकांच्या बाबतीत हे फार घडतं. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहायला हवा.

हळू कोण? कच्चा की पक्का?

पहिला गैरसमज असा की, जो वाईट खेळतो तो हळू खेळतो. थोडा हिशेब करू या. एक बाई ११० फटक्यांत राउंड संपवतात, पण बॉलपाशी गेल्यावर २० सेकंदांत फटका मारतात. एकूण २,२०० सेकंद, म्हणजे साधारण ३७ मिनिटं. दुसरे एक गृहस्थ ९० फटके मारतात. उत्तम खेळाडू! पण प्रत्येक फटक्याआधी हवेचा अंदाज, तीन प्रॅक्टिस स्विंग, क्लब बदलणं, यात त्यांची ४० सेकंदं जातात. एकूण ३,६०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक तास. वीस फटके जास्त मारूनही बाई २३ मिनिटं आधी मोकळ्या!

आता हे चौघांना लावा. चार जण प्रत्येकी १०० फटके मारणारे, म्हणजे गटाचे ४०० फटके. प्रत्येक फटक्यामागे फक्त दहा सेकंद जास्त घेतले तर ४,००० सेकंद होतात, म्हणजे एक तास सात मिनिटं. आपल्याला साधा धीमेपणा वाटतो तो दहा-दहा सेकंदांचाच असतो, म्हणून तो ज्याचा त्याला दिसत नाही.

गोल्फच्या नियमांची २०१९ साली मोठी फेररचना झाली. त्यात फटक्यासाठी ४० सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये, आणि शक्यतो त्याहून लवकर मारावं, अशी शिफारस आली. म्हणजे ४० सेकंद ही वरची मर्यादा आहे, दर वेळी वापरायचा हक्क नव्हे.

सगळा दोष खेळणाऱ्यांचा नाही

गोल्फ कोर्स म्हणजे एक लांबलचक रांग असते. पार चारच्या होलवर एक गट ग्रीनवर असताना दुसरा गट टीवरून मारू शकतो. पार तीनवर तसं नाही. पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्यांनी हाताची घडी घालून उभं राहायचं. समजा, एका गटाला पार तीनचा होल मोकळा करायला दहा मिनिटं लागतात, आणि कोर्सवाले दर आठ मिनिटांनी एक गट सोडतात. दुसरा गट तिथे दोन मिनिटं थांबेल, तिसरा चार, आणि सात वाजल्यापासून धरलं तर नऊला निघालेला सोळावा गट तब्बल अर्धा तास! यात कुणीही हळू खेळलेलं नाही. दादर स्टेशनचा जिना ज्यांनी गर्दीच्या वेळी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोर्सवाले असं का करतात? दर आठ मिनिटांनी चार जण सोडले तर तासाला ३० गिऱ्हाइकं होतात, दहा मिनिटांनी सोडले तर २४. गल्ल्याचा प्रश्न आहे. म्हणून टी टाइम घेताना दोन गटांत किती मिनिटांचं अंतर ठेवता ते जरूर विचारावं, आणि जमेल तितकी पहाटेची वेळ घ्यावी. वेळेवर सुटणारी पहिली गाडी गाठण्यासारखंच आहे हे. आणि पार तीनवर मागे गट येऊन ठेपला असेल, तर आपले बॉल ग्रीनवर पोचल्यावर बाजूला उभं राहून त्यांना हात करावा, त्यांचे टी शॉट मारू द्यावेत. ते चालत येईपर्यंत आपलं पटिंग होतं आणि तुंबलेली रांग थोडी सुटते.

मागच्या टीचा मोह

कोर्सच्या हातातलं झालं, आता आपल्या हातातलं. सगळ्यात महाग पडतो तो अहंकार. टीव्हीवर दिसणारे खेळाडू ७,००० यार्डांहून लांब कोर्सवर खेळतात, म्हणून आपणही मागच्या टीवर उभे राहतो. ड्रायव्हर जातो २०० यार्ड. मग पार चारच्या होलवर ग्रीन गाठायला तीन-तीन लाकडी फटके, नाहीतर झाडीत शोधाशोध.

२०११ साली पी.जी.ए. ऑफ अमेरिका आणि यू.एस.जी.ए. या दोन संस्थांनी ‘टी इट फॉरवर्ड’ नावाची मोहीम काढली. त्यातला हिशेब असा: ड्रायव्हर २०० यार्ड जात असेल तर ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स योग्य, २२५ जात असेल तर ५,८०० ते ६,०००, १७५ असेल तर ४,४०० ते ४,६००. आपल्यापैकी बहुतेकांनी हे आकडे पाहून निमूटपणे एक-दोन टी पुढे सरकायला हरकत नाही. पुढच्या टीला पूर्वी ‘लेडीज टी’ म्हणत, त्यामुळे पुरुषांचे पाय तिकडे वळत नाहीत. पण स्कोअरकार्डावर कमी आकडे पडायला लागले की ही लाज फार दिवस टिकत नाही.

बॉल गेला कुठे?

भारतात, पुण्याला किंवा चेंबूरला, जे गोल्फ शिकले त्यांना कॅडीची सवय असते. कित्येक क्लबांत पुढे उभा राहून बॉल कुठे पडतो ते पाहणारा ‘आगेवाला’ही असतो. आपण मारायचं, शोधणारे दुसरेच. इथे पब्लिक कोर्सवर आपण स्वतःच खेळाडू, कॅडी आणि आगेवाला. तरीसुद्धा फटका वाईट बसला की आपण ‘अरेरे’ म्हणून मान फिरवतो आणि बॉल नेमका कुठल्या झाडामागे गेला ते कुणीच पाहत नाही. चौघांनीही प्रत्येकाचा बॉल थांबेपर्यंत पाहायचा आणि एखादी खूण लक्षात ठेवायची, एवढी एकच सवय लावली तर बराच वेळ वाचतो.

शोधण्याची मुदत पूर्वी पाच मिनिटं होती, २०१९ पासून ती तीन मिनिटं आहे. बॉल हरवेल अशी शंका असेल तर पुढे जाण्याआधीच ‘प्रोव्हिजनल मारतो’ असं स्पष्ट सांगून दुसरा बॉल मारून ठेवावा. नाहीतर शोधून दमल्यावर परत मागे चालत येणं नशिबी येतं आणि मागचे लोक आ वासून पाहत राहतात. २०१९ पासून कोर्सला एक स्थानिक नियमही लावता येतो: दोन फटक्यांचा दंड घ्या आणि बॉल जिथे हरवला त्या बाजूला फेअरवेच्या कडेशी नवा बॉल टाकून पुढे चला. मित्रांच्या खेळात तर हे सर्रास करावं.

आपला खास मराठी विलंब

इथे थोडं घरचं बोलू. आपल्याकडे पंगतीला बसतानासुद्धा ‘तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही आधी’ चालतं. गोल्फमध्ये परंपरेनं मागच्या होलवर ज्याचा स्कोअर सर्वांत कमी, त्यानं टीवर आधी मारायचं, आणि पुढे ज्याचा बॉल होलपासून सर्वांत लांब, त्यानं. हे कळल्यावर आपल्या सौजन्याला ऊतच येतो. ‘देशपांडेसाहेब, बर्डी तुमची, या!’ आणि देशपांडेसाहेब अजून कार्टमध्ये सँडविच खात असतात.

स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्यानं सुरक्षितपणे आधी मारावं याला आता नियमांचीच मान्यता आहे. मान्यता कसली, प्रोत्साहन आहे. त्यात कुणाचा अपमान नाही. दुसरा मारत असतानाच आपलं अंतर पाहून क्लब हातात घेऊन ठेवावा. बोलायचं ते चालता चालता बोलावं. मुलाचं कॉलेज, रिअल इस्टेट, भारतातली फ्लॅटची भानगड या सगळ्याला फेअरवेवर भरपूर वेळ असतो. आपली पाळी आली की गोष्ट अर्धी सोडावी, इतकंच.

कार्टचंही तसंच. दोघं जण आधी एकाच्या बॉलपाशी जातात, तो मारेपर्यंत दुसरा बसून राहतो, मग दुसऱ्याच्या बॉलकडे प्रयाण. त्यापेक्षा एकाला दोन-तीन क्लब देऊन उतरवावं आणि दुसऱ्यानं कार्ट घेऊन पुढे जावं.

ग्रीनवर टीव्हीचा प्रभाव सर्वांत जास्त. चार बाजूंनी उकिडवं बसून उतार पाहायचा आणि मग पट सहा फूट पुढे! २०१८ साली टॉरी पाइन्सच्या स्पर्धेत जे.बी. होम्स यांनी शेवटच्या होलवर एका फटक्यासाठी चार मिनिटांहून जास्त वेळ घेतला, त्यावर केवढी टीका झाली. बायकांच्या एल.पी.जी.ए. टूरनं २०२५ पासून वेळेच्या बाबतीत दंडाचे नियम आणखी कडक केले. म्हणजे ज्यांचं पोट खेळावर आहे त्यांनाही आता सूट नाही. दुसरा पट करत असताना आपला उतार पाहून घ्यावा. झेंडा आता न काढताही पट करता येतो. आणि स्कोअर लिहायचा तो ग्रीनवर उभं राहून नाही, पुढच्या टीवर.

नवशिक्यांसाठी, आणि त्यांच्या नवऱ्यांसाठी

कोर्सवर शिकवणी घेऊ नये. ‘डोकं खाली ठेव, कोपर सरळ, अगं मी काय सांगतोय’ हे ड्रायव्हिंग रेंजवर करावं. खरं म्हणजे तिथेही शिक्षकावर सोपवावं. कोर्सवर प्रत्येक सूचनेनं अर्धं मिनिट जातं आणि शिकणाऱ्याचा स्विंगही जातो.

नव्या माणसाला सांगण्यासारखं सर्वांत मोलाचं वाक्य म्हणजे ‘बॉल उचला’. हँडिकॅपसाठीसुद्धा २०२० पासून प्रत्येक होलचा जास्तीत जास्त स्कोअर ‘नेट डबल बोगी’ एवढाच धरतात. त्यापुढचे फटके हिशेबात येतच नाहीत. मग नववा, दहावा, अकरावा फटका कशासाठी? बॉल खिशात घालावा आणि हसत पुढच्या टीवर जावं. फ्रँक स्टेबलफर्ड यांची गुणपद्धत १९३२ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली, तिच्यातही हीच सोय आहे: गुण मिळण्याची शक्यता संपली की तो होल सोडायचा.

आपली जागा पुढच्या गटाच्या पाठोपाठ असते हे लक्षात ठेवलं की घड्याळ बघावं लागत नाही. पुढे अख्खा होल रिकामा दिसला आणि मागे लोक थांबले असले, तर त्यांना पुढे जाऊ द्यावं. त्यात कमीपणा नाही, आणि पाठीवरचं ओझंही उतरतं.

मंडळाच्या आउटिंगसाठी

बहुतेक मंडळांची गोल्फ आउटिंग शॉटगन पद्धतीनं होते, म्हणजे सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटतात. तिथे सर्वांत सावकाश गट जेवढा वेळ घेईल तेवढाच वेळ सगळ्यांना लागतो, आणि तिकडे क्लबहाउसमध्ये बटाटेवडे गार होतात. तेव्हा आयोजकांना आमची विनंती: नवे-जुने मिसळून गट करावेत, चौघांनी मिळून एकच बॉल पुढे न्यायचा ‘स्क्रॅम्बल’ ठेवावा, आणि पट जास्तीत जास्त दोन असं आधीच जाहीर करावं. ज्यांना १८ होल झेपत नाहीत त्यांच्यासाठी नऊ होलचा वेगळा गट असावा. नऊ होल दोन-सव्वादोन तासांत होतात. सकाळी सातला गेलेला माणूस दहापर्यंत घरी येतो आणि मुलाला सॉकरला सोडू शकतो.

आपल्यातल्या कितीतरी बायका आणि नुकते निवृत्त झालेले लोक या खेळाकडे कुतूहलानं पाहताहेत. त्यांना पहिल्या दिवशी सांगावं, ‘कसंही खेळा, फक्त तयार राहा.’ कसं खेळायचं ते मग आपोआप येतं, आणि नाहीच आलं तरी मागच्यांची काही तक्रार राहत नाही.