संकेतस्थळाची बारनिशी

अहिल्यानगर जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय कचेऱ्यांसाठी सिद्ध केलेल्या ‘एसथ्रीवास’ या सामायिक चौकटीवर उभे आहे. आणि अशा कोणत्याही चौकटीत सर्व पृष्ठांचे शीर्ष व तळ एकाच मूळ साच्यातून निघत असल्यामुळे, अभ्यागतांची मोजदाद करणारी चार ओळींची संहिता त्या साच्यात एकदा दाखल केली, म्हणजे ती शेकडो पृष्ठांवर आपोआप अवतरते. वस्तुतः सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद आपल्या दप्तरी ठेवतच असतो. परंतु त्या बारनिशीत माणसांच्या बरोबरीने शोधयंत्रांचे यांत्रिक दूतही हजेरी लावून जातात. म्हणून वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालणारी संहिता पुढे आली, आणि 2005 मध्ये गूगलने ‘अ‍ॅनालिटिक्स’ विनामूल्य खुले केल्यावर ती सर्वत्र रूढ झाली.

तथापि तिच्या तपशिलावर, विशेषतः गावांच्या नावांवर, डोळे मिटून भिस्त ठेवणे मला अप्रशस्त वाटते. वाचकाचे स्थळ आयपी पत्त्यावरून अनुमानले जाते, सबब अकोले तालुक्याच्या डोंगराळ मुलखात मोबाइल उघडून बसलेला शेतकरी खुशाल पुण्याचा किंवा मुंबईचा रहिवासी ठरतो. तालुकावार आकड्यांपेक्षा कोणता अर्ज किती जणांनी उघडला, हा हिशेब अधिक विश्वसनीय.