नाव बदलायला नकार देणारी मिठाई : स्वित्झर्लंडच्या दुब्लर कुटुंबाचा वाद नेमका काय आहे?

खाली पातळ वेफर, त्यावर अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेला मऊ फेस आणि वरून चॉकलेटचा पातळ थर. दाताखाली आलं की चॉकलेट कटकन फुटतं आणि आतला फेस जिभेवर विरघळतो. जर्मनी, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, फिनलंड, नेदरलँड्स अशा कितीतरी देशांत पिढ्यान् पिढ्या ही मिठाई खाल्ली जाते. तिच्या चवीबद्दल कुणाची तक्रार नाही. भांडण आहे ते नावावरून.

स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतात वाल्टेनश्विल नावाचं छोटं गाव आहे. तिथलं दुब्लर कुटुंब ही मिठाई बनवतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालेला हा घरचा धंदा रॉबर्ट दुब्लर यांनी पुढे चालवला. त्यांच्या पाकिटावरचं नाव आहे ‘मोरेनकोप्फ’. जर्मन भाषेत ‘कोप्फ’ म्हणजे डोकं आणि ‘मोर’ हा कृष्णवर्णीय माणसासाठी वापरला जाणारा जुना शब्द. म्हणजे मिठाईचं नाव झालं, ‘काळ्या माणसाचं डोकं’.

वाद पेटला कसा?

या नावावर आक्षेप आधीपासून होते. २०१७ मध्ये दुब्लर यांनी नाव बदलावं म्हणून ऑनलाइन याचिका निघाली होती. तेव्हाही त्यांनी नकार दिला आणि सोशल मीडियावर त्यांच्या बाजूने लोक उभे राहिले.

खरा भडका उडाला २०२० मध्ये. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात पोलिसांच्या कारवाईत जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ आंदोलन युरोपातही पसरलं. जूनमध्ये ‘मिग्रो’ या स्वित्झर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या दुकानसाखळीला लोकांनी ट्विटरवर प्रश्न विचारला, की हे नाव असलेली मिठाई तुमच्याकडे अजून कशी? मिग्रोने दुब्लर यांचा माल शेल्फवरून काढून टाकला.

पुढे झालं उलटंच. बातमी पसरताच वाल्टेनश्विलमध्ये गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. ज्यांनी कित्येक वर्षांत ही मिठाई चाखली नव्हती, तेही पाकिटं घेऊन जाऊ लागले. मिठाई विकत घेणं हीच एक राजकीय भूमिका झाली.

‘मोर’ शब्द आला कुठून?

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘माउरुस’ या शब्दात आहे. उत्तर आफ्रिकेतल्या मॉरिटेनिया या रोमन काळातल्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांना तसं म्हणत. मध्ययुगात हा शब्द जर्मन भाषेत आला आणि हळूहळू सगळ्याच कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाऊ लागला. औषधांची दुकानं, रस्ते, घरं यांनाही ही नावं पडली.

नावाच्या बाजूने बोलणारे याच इतिहासाकडे बोट दाखवतात. संत मॉरिस यांना अनेक चित्रांत कृष्णवर्णीय दाखवलं आहे, शब्दात आदरही होता, असं ते सांगतात.

पण शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मावर थांबत नाही. युरोपीय देशांनी आफ्रिकेतून माणसं पकडून गुलाम म्हणून विकली, त्या शतकांत हाच शब्द नोकर, गुलाम आणि जाहिरातींतल्या विदूषकी चेहऱ्यांना चिकटला. आज जर्मन भाषेचा नावाजलेला शब्दकोश ‘डूडेन’ या शब्दावर जुना आणि भेदभाव करणारा अशी खूण करतो.

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय?

रॉबर्ट दुब्लर यांचं म्हणणं सरळ आहे. नावात द्वेष नाही, कुणाला दुखवायचा हेतू नाही, गिऱ्हाइकं याच नावाने मिठाई ओळखतात, मग बदलायचं कशाला? त्यांच्या समर्थकांना तर हा एका छोट्या कारखानदारावर शहरी मंडळींनी आणि मोठ्या कंपन्यांनी टाकलेला दबाव वाटतो.

विरोधकांचा मुद्दा हेतूचा नाहीच. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा ऐकणाऱ्याला काय सोसावं लागतं, हे ते बघायला सांगतात. स्वतःच्या रंगाच्या माणसाचं ‘डोकं’ दुकानात खाऊ म्हणून विकलं जातंय आणि आजूबाजूचे लोक त्याला गंमत म्हणतायत, हे रोज बघणाऱ्याला कसं वाटत असेल, हा त्यांचा प्रश्न आहे.

‘आमच्या देशाच्या तर वसाहतीच नव्हत्या’ हाही युक्तिवाद स्वित्झर्लंडमध्ये होतो. वसाहती नव्हत्या हे खरं, पण स्विस व्यापाऱ्यांचा पैसा गुलामांच्या व्यापारात गुंतला होता. झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२४ मध्ये याच विषयावर मोठं प्रदर्शन भरवलं.

कायदा काय सांगतो?

स्वित्झर्लंडच्या दंड संहितेत वंशद्वेषाविरुद्ध कलम २६१ बिस आहे. १९९४ च्या सार्वमतात लोकांनी ते मंजूर केलं आणि १९९५ पासून ते लागू झालं. पण ते आहे जाहीरपणे द्वेष भडकवणं किंवा वंशावरून माणसाची प्रतिष्ठा पायदळी तुडवणं यासाठी. मिठाईला जुनं नाव असणं या चौकटीत सहज बसत नाही. म्हणूनच ही लढाई कोर्टापेक्षा दुकानाच्या शेल्फवर लढली गेली.

ज्यांनी नाव बदललं, त्यांचं काय झालं?

फिनलंडच्या पोर्वो शहरातली ‘ब्रुनबर्ग’ कंपनी १८७१ पासून मिठाई बनवते. तिच्या अशाच मिठाईचं नाव ‘काळ्या माणसाचं चुंबन’ अशा अर्थाचं होतं आणि त्यातला शब्द आज शिवी मानला जातो. कंपनीने २००१ मध्ये तो शब्द काढून तिथे स्वतःचं नाव टाकलं. नेदरलँड्समध्ये ‘बाउस’ कंपनीने २००६ मध्ये असाच शब्द वगळून फक्त ‘चुंबनं’ ठेवलं. जर्मनीत आता सर्रास ‘शोकोकुस’, म्हणजे चॉकलेटचं चुंबन, म्हणतात. स्वित्झर्लंडच्याच फ्रेंच भाषिक भागात ‘तेत शोको’, म्हणजे चॉकलेटचं डोकं, हे नाव रुळलं आहे.

नेस्लेनेही २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘रेड स्किन्स’ आणि ‘चिकोज’ या गोळ्यांची नावं बदलून ‘रेड रिपर्झ’ आणि ‘चीकीज’ केली. त्याच वर्षी भारतात हिंदुस्थान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ केलं.

म्हणजे नाव बदलणाऱ्यांची मिठाई खपतेच आहे आणि न बदलणाऱ्या दुब्लर यांच्याकडेही वादानंतर गर्दी झाली. त्यामुळे ‘नाव बदललं तर धंदा बुडेल’ आणि ‘नाही बदललं तर धंदा बुडेल’ हे दोन्ही दावे इथे टिकत नाहीत. उरतो तो माणसांचा प्रश्न.

महाराष्ट्राला हा वाद ओळखीचा का वाटेल?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. तेव्हाही ‘पिढ्यान् पिढ्या तेच नाव आहे, त्यात कुणाचा अपमान नाही’ असं म्हणणारे होतेच. पण आधार कार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत पत्त्यात आपली जात लिहावी लागणाऱ्या माणसाला तो नुसता पत्ता वाटत नव्हता. नाव बदललं म्हणून जात गेली नाही, हेही तितकंच खरं. पण फॉर्म भरताना मान खाली घालायची वेळ एकदा तरी टळली.

दुब्लर यांच्या मिठाईतही तसंच आहे. नाव बदलल्याने युरोपातला वर्णद्वेष संपणार नाही. पाककृती मात्र वेफर, फेस आणि चॉकलेट एवढीच आहे आणि त्यात कुणाच्या डोक्याची गरज पडत नाही.