पडदा, रंगभूमी आणि वसंत देसाई

गोव्याच्या सरहद्दीला लागून असलेल्या सावंतवाडी संस्थानात, सोनवडे या खेड्यात १९१२ साली वसंत देसाई यांचा जन्म झाला. दशावतार आणि कीर्तन यांवर पोसलेल्या या मुलखाच्या सुपुत्राची चाल पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात घुमली. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना तर शाळाशाळांतून आजही म्हटल्या जातात. परंतु त्या म्हणणाऱ्या मुलांना, आणि म्हणवून घेणाऱ्या गुरुजनांनाही, चालकर्त्याचे नाव विचारले तर उत्तर मिळेलच, अशी खात्री आम्हांला वाटत नाही.

चित्रसृष्टीने देसाईंवर ‘शास्त्रीय बाजाचे संगीतकार’ असा शिक्का मारला आणि जणू त्यांना आदराने बाजूस बसविले. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) मध्ये उस्ताद अमीर खाँ यांचा स्वर आणि ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई लाभल्यावर असा समज होणे स्वाभाविक होते; पण तो अपुरा होता. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) मधील शाहिरी ढंग त्यांचाच. ‘आशीर्वाद’ (१९६८) मध्ये अशोककुमारांच्या तोंडून आगगाडीचे बालगीत बोलते करणारेही तेच. आणि एकही गाणे नसलेल्या ‘अचानक’ (१९७३) ला केवळ पार्श्वसंगीताची साथ देणारेही तेच!

ही सर्वसंचारी वृत्ती ‘प्रभात’च्या तालमीतली होय. तेथे पडेल ते काम करीत, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा गुणीजनांच्या सहवासात त्यांनी उमेदवारी केली. पुढे शांतारामबापूंबरोबर ते ‘राजकमल’मध्ये गेले आणि ‘शकुंतला’ (१९४३) ने त्यांचे नाव झाले. चाल प्रसंगाच्या पोटातून यावी, हा धडा त्यांनी तेथेच गिरविला असावा.

तोच धडा त्यांनी रंगभूमीवर आणला, आणि आमच्या मते त्यांचे खरे धाडस येथे दिसते. पडद्यावर वाद्यवृंद दिमतीला असतो, चुकले तर पुन्हा ध्वनिमुद्रण करता येते. रंगमंचावर ऑर्गन, तबला आणि नटाचा गळा, एवढाच संसार. विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) ‘ललितकलादर्श’ने रंगभूमीवर आणले, तेव्हा संगीत नाटकाला पुन्हा उभारी येऊ लागली होती. आपल्या गोव्याच्या प्रसाद सावकारांनी त्यातील गंगास्तवन असे गायिले की, नाटक न पाहिलेल्यांच्याही ते कानात बसले. पुढे ‘जय जय गौरीशंकर’ (१९६६) आले. ‘देव दीनाघरी धावला’साठी तर त्यांनी कुमार गंधर्वांसारख्या स्वयंभू गायकाला वाणी जयराम यांच्याबरोबर द्वंद्वगीत गायला लावले, आणि ते भावगीताच्या सहजतेने घराघरांत गेले. ख्यालगायकाला चार मिनिटांत मावेल अशी जागा देणे, आणि तरीही त्याला कोंडल्यासारखे वाटू न देणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

१९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी राष्ट्रसंघात कांचीच्या शंकराचार्यांची संस्कृत मैत्रीप्रार्थना गायिली. तिलाही चाल होती देसाईंचीच.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्‌वाहनाच्या अपघाताने हा संगीतकार गेला. त्यांचे संगीत असलेला ‘शक’ हा चित्रपट १९७६ साली, त्यांच्या पश्चात, प्रदर्शित झाला.